इरॉसचं वय उलटं का चालतं?

मुंबईत चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की समोर इरॉस दिसतं. १९३८ साली सुरू झालेलं हे सिनेमागृह, आणि 'इरॉसपाशी भेटू' म्हणत तिथे ताटकळलेल्या कितीतरी पिढ्या. इरॉस म्हणजे ग्रीकांचा प्रेमदेव, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. प्रेमदेव म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते मात्र व्हॅलेंटाइनच्या शुभेच्छापत्रावरचं गुटगुटीत बाळ: पाठीला इवलेसे पंख, हातात खेळण्यातलं वाटावं असं धनुष्य, गालावर खळी.

हे बाळ इ.स.पू. ६०० च्या सुमाराच्या ग्रीक माणसाला दाखवलं असतं तर त्याला ते ओळखूच आलं नसतं. त्याचा इरॉस बाळ नव्हता, गोंडस तर अजिबातच नव्हता. तो भीतिदायक होता. आणि त्याच्याही मागे गेलं तर त्याला धड शरीरसुद्धा नव्हतं. पुढच्या पाच-सहाशे वर्षांत मात्र या देवाचं वय उलटं चाललं. आधी विश्वाच्या आरंभीची शक्ती, मग पंखवाला तरुण, मग पोरगा आणि शेवटी तान्हं बाळ.

सुरुवात होमरपासून करू. त्याच्या महाकाव्यांत इरॉस नावाचा देवच नाही. शब्द आहे, आणि तो जेवणाच्या प्रसंगी वारंवार भेटतो. वीर पोटभर जेवले की होमर म्हणतो, त्यांचा खाण्यापिण्याचा 'इरॉस' भागला. म्हणजे भूक, तहान, वासना; अंगातून उठणारी आणि भागवल्याशिवाय न शमणारी कुठलीही ओढ. 'इलियड'च्या चौदाव्या सर्गात हेरा नवऱ्याला, म्हणजे झ्यूसला, युद्धावरून लक्ष काढून घ्यायला लावण्यासाठी प्रेमाची आणि सौंदर्याची देवी आफ्रोडायटी हिच्याकडून एक नक्षीदार पट्टा मागून घेते. त्या पट्ट्यात काय भरलंय? प्रेम, ओढ, लाडीगोडीचं कुजबुजणं. अजून या सगळ्या वस्तू आहेत, कपड्यात शिवता येणाऱ्या. देव व्हायच्या आहेत.

त्यांना देव केलं हेसिअड या कवीने, इ.स.पू. ७०० च्या आसपास. देवांची वंशावळ सांगताना तो म्हणतो, सगळ्यात आधी केऑस, म्हणजे एक जांभई दिल्यासारखी पोकळी. मग पृथ्वी, पाताळ आणि इरॉस. आईबाप नाहीत. आणि ते बरोबरच आहे. वंशावळ पुढे सरकायची तर कुणाला तरी कुणाची तरी ओढ वाटली पाहिजे, मग ती ओढ सगळ्यांच्या आधी हवी. आपल्याकडच्या वाचकाला इथे ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आठवेल: 'कामस्तदग्रे समवर्तताधि', आरंभी काम उत्पन्न झाला. कुणी कुणाकडून घेतलं वगैरे म्हणायचं नाही. दोन्हीकडे अडचण तीच होती आणि उत्तरही तेच सापडलं, इतकंच. हेसिअड या देवाचं वर्णन जेमतेम दोन-तीन ओळींत उरकतो. अमर देवांत सर्वांत सुंदर, गात्रं सैल करणारा, देवांची आणि माणसांची बुद्धी नमवणारा. 'गात्रं सैल करणारा' हे विशेषण नीट वाचा. ग्रीक भाषेत मरणाऱ्या योद्ध्याचीही गात्रं सैल होतात, झोपी जाणाऱ्याचीही.

पंखांचं कोडं इथेच सुटायला लागतं. आपल्याला वाटतं, देव म्हटला की पंख चालतातच. ग्रीकांना तसं वाटत नसे. झ्यूसला पंख नाहीत, अथेनाला नाहीत, अपोलोला नाहीत. हर्मीसच्या पंखांची वस्ती मुख्यतः पायताणांवर. मग पंख कुणाला? झोपेला, मृत्यूला, विजयाला, वाऱ्यांना. युफ्रोनिओस नावाच्या चित्रकाराने इ.स.पू. ५१५ च्या सुमारास रंगवलेल्या एका प्रसिद्ध भांड्यावर झोप आणि मृत्यू हे दोन पंखवाले भाऊ सार्पेडन या वीराचं प्रेत उचलताहेत. ही यादी पाहिली की सूत्र लक्षात येतं: जे माणसाला विचारून येत नाही, जे वरून झडप घालतं आणि तितक्याच अचानक निघून जातं, त्याला पंख. इरॉस त्या पंगतीतला. त्याचे पंख फुलपाखराचे नाहीत, घारीचे आहेत.

त्या काळच्या कवींना विचारा. लेस्बॉस बेटावरची सॅफो म्हणते, डोंगरावरच्या ओकवृक्षांवर वारा तुटून पडावा तसं इरॉसने माझं मन हलवून सोडलं. दुसऱ्या एका तुकड्यात ती त्याला सरपटणारा प्राणी म्हणते, ज्यावर इलाज चालत नाही असा, आणि एक शब्द घडवते: 'ग्लुकुपिक्रॉन', गोडकडू. कडूगोड नव्हे, गोड आधी, कडू मागाहून. क्रम तिने अनुभवातून लावला असावा. इबिकस म्हणतो, माझा इरॉस कुठल्याच ऋतूत झोपत नाही. थ्रेसवरून येणाऱ्या विजांनी पेटलेल्या उत्तरेच्या वाऱ्यासारखा येतो. हाच इबिकस दुसरीकडे स्वतःला शर्यतीचा म्हातारा घोडा म्हणवतो, पुन्हा रथाला जुंपताना थरथरणारा. आणि अनॅक्रिऑन. हा खरं तर मैफलींचा, मद्याचा, हलक्याफुलक्या चालीचा कवी. पण त्याचा इरॉस लोहार आहे: मोठा घण घालून मला ठोकतो आणि हिवाळी ओढ्यात बुचकळतो. तापल्या लोखंडाला पाणी पाजताना जो चर्र आवाज होतो, तो या दोन ओळींत ऐकू येतो. धनुष्यबाणापेक्षा मला हा घण कितीतरी पटतो. बाण लागला की काम संपलं. लोहार मात्र पुन्हा तापवतो, पुन्हा ठोकतो.

बाण नंतरचे. या जुन्या कवितांमध्ये वारा आहे, घण आहे, शिकाऱ्याचं जाळं आहे, पण धनुर्धारी इरॉस ठळकपणे पुढे येतो तो इ.स.पू. पाचव्या शतकात. भांड्यांवरच्या चित्रांत त्याच्या हाती बहुधा वीणेसारखं वाद्य, फुलांची वेल, फीत किंवा ससा असतो. ससा ही तेव्हा प्रेमिकाने द्यायची भेट होती. कधी कधी चाबूकही असतो. डोरिस या चित्रकाराच्या एका भांड्यावर अटलांटा ही शिकारी तरुणी लग्न टाळण्यासाठी पळते आहे आणि मागून पंखवाले इरॉस झेपावताहेत. एकाच्या हातात चाबूक आहे. हे भांडं आता अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. धनुष्य ताणलेला इरॉस याच काळात ब्रायगॉस चित्रकाराने रंगवलाय, पण शतकाच्या सुरुवातीला तो अपवादच. चित्रांतला इरॉस अंगापिंडाने व्यायामशाळेतल्या तरुणासारखा दिसतो, कारण त्या काळच्या अथेन्समध्ये सौंदर्याचा नमुना तोच होता. पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम तिथे काव्यात आणि चित्रांत उघडपणे येतं, आणि व्यायामशाळांत इरॉसची पूजा होत असे.

आता 'पंखवाले इरॉस' असं अनेकवचन आलंच आहे, तर ते सोडवू. ग्रीक भाषेत या मंडळींना 'एरोटेस' म्हणतात. हे एकाच देवाचे अनेक अवतार की वेगवेगळे देव? दोन्ही, आणि ग्रीकांना त्याची फारशी फिकीर नव्हती. पण काहींना स्वतंत्र नावं आहेत आणि ती फार नेमकी आहेत.

पहिला हिमेरॉस. हेसिअडच्या कथेत आफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून वर येते तेव्हा इरॉस आणि हिमेरॉस दोघे तिच्या सोबतीला निघतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ४८० च्या सुमाराचं एक भांडं आहे. त्याच्या एका बाजूला डोलकाठीला बांधून घेतलेला ओडिसियस आणि त्याला गाण्याने भुलवणाऱ्या सायरन. दुसऱ्या बाजूला समुद्रावरून उडणारे तीन पंखवाले तरुण, त्यातल्या एकाजवळ नाव लिहिलंय: हिमेरॉस. चित्रकाराने जोडी मुद्दाम लावली असणार. एकीकडे जीव घेणारी हाक, दुसरीकडे त्या हाकेची भावंडं.

दुसरा पोथॉस. आणि इथे जरा थांबायला हवं, कारण हा सगळ्यात सुरेख. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस शब्दांच्या व्युत्पत्ती सांगत बसतो. भाषाशास्त्राच्या कसोटीला त्या टिकत नाहीत, पण तो अर्थातला फरक अचूक पकडतो. समोर असलेल्याविषयी जीवाला खेचून नेतो तो हिमेरॉस. जे इथे नाही, दूर कुठेतरी आहे, त्याविषयी वाटतो तो पोथॉस. व्यक्ती तीच, भावना तीच, पण ती उठून गेली की देव बदलतो! मराठीत पहिल्याला ओढ म्हणता येईल, दुसऱ्याला हुरहूर. पोथॉसची मजल प्रेमिकांपुरती नाही. सिकंदराचा चरित्रकार एरियन अनेकदा लिहितो की सिकंदराला 'पोथॉसने गाठलं': कधीही न जिंकला गेलेला एऑर्नॉसचा डोंगरी किल्ला घेण्यासाठी, अमुक नदीच्या मुखापर्यंत जाण्यासाठी. हुरहूर लागलेल्या माणसाच्या हाती सैन्य असलं की काय होतं, ते सिंधूकाठच्या लोकांनी पाहिलं. (मनी प्लांटच्या वेलीला इंग्रजीत पोथॉस म्हणतात ते या देवावरून नव्हे, तो शब्द सिंहली भाषेतून गेलाय.)

तिसरा अँटेरॉस, म्हणजे उलट-इरॉस. याचे दोन अर्थ होतात. एक, परत मिळालेलं प्रेम. प्लेटो म्हणतो, ज्याच्यावर प्रेम केलं जातं त्याच्या मनात प्रेमाचं प्रतिबिंब उठतं, आरशात पाहावं तसं, आणि त्याला मात्र आपल्याला काय होतंय ते कळत नाही. दुसरा अर्थ कडक: झिडकारलेल्या प्रेमाचा सूड घेणारा. पॉसेनियस या इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या प्रवासवर्णनकाराने अथेन्समधल्या अँटेरॉसच्या वेदीची कथा नोंदवली आहे. मेलेस या अथेन्सवासीवर टिमागोरस नावाच्या परदेशी रहिवाशाचं प्रेम होतं. मेलेसने त्याला धुडकावून म्हटलं, जा, कड्यावरून उडी टाक. त्याने टाकली. मग पश्चात्तापाने मेलेसनेही टाकली. वेदी बांधली ती शहरातल्या परदेशी रहिवाशांनी. नागरिकाने उपऱ्याच्या प्रेमाची टर उडवू नये, हे बजावणारा देव त्यांना हवा होता. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये १८९३ पासून उभा असलेला, अॅल्युमिनियमचा, धनुष्यवाला तरुण सगळं जग इरॉस म्हणून ओळखतं. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्टने घडवला होता अँटेरॉस.

हिमेनाइऑस हा लग्नगीताचा देव, त्याला बाकीच्यांत नंतर सामील केलं. त्याच्यावर रेंगाळत नाही.

मेगारा या गावच्या आफ्रोडायटीच्या देवळात स्कोपास या शिल्पकाराने इरॉस, हिमेरॉस आणि पोथॉस असे तिघे शेजारी उभे केले होते. पॉसेनियस ते पाहून खोचकपणे लिहितो: नावं जशी वेगळी तशी यांची कामंही खरंच वेगळी असतील तर. मूळ मूर्ती गेल्या. पोथॉसच्या रोमन काळातल्या नकला मात्र आहेत: एका पायावर दुसरा टाकून रेललेला, मान वर करून कुठेतरी दूर पाहणारा तरुण. दगडात हुरहूर कशी दाखवावी, तर नजरेसमोर काही नाही असं दाखवून.

आईबापांचा प्रश्न मधेच राहिला. हेसिअडने इरॉसला बिनआईबापाचा ठेवला, पण लोकांना ते सोसवेना. अल्सियस हा कवी म्हणाला, इंद्रधनुष्याची देवी आयरिस आणि पश्चिमेचा वारा यांचा मुलगा. सिमोनिडीसने त्याला आफ्रोडायटी आणि युद्धदेव एरीस यांच्या पदरी घातलं, आणि आई तीच कायम झाली. इ.स.पू. ४१४ मध्ये अॅरिस्टोफेनीसच्या 'पक्षी' या प्रहसनात पक्षी दावा करतात की आरंभी रात्रीने एक अंडं घातलं आणि त्यातून सोनेरी पंखांचा इरॉस बाहेर आला. म्हणजे तो आमच्यातलाच! प्लेटोच्या 'मेजवानी'त तर प्रत्येक पाहुणा आपला इरॉस मांडतो. एक म्हणतो तो सर्वांत वडील, दुसरा म्हणतो सर्वांत धाकटा. मग सॉक्रेटिस डिओटिमा या विदुषीचं म्हणणं सांगतो: इरॉस हा सुबत्तेच्या आणि दारिद्र्याच्या पोटी झालेला, अनवाणी, उंबऱ्यावर झोपणारा, सदा काही ना काही कमी असलेला. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला ओढ कशाची वाटणार?

पूजेचं काय? बिओशियातल्या थेस्पिए गावात इरॉस हा मुख्य देव होता आणि त्याची सर्वांत जुनी मूर्ती म्हणजे न घडवलेला दगड. मराठीत त्याला शब्द आहे: तांदळा. प्रेमाचा देव, ज्याच्या सौंदर्याची कवी एवढी वाखाणणी करतात, तो त्याच्या मूळ ठाण्यात डोळे-नाक नसलेला तांदळा होता. याच गावच्या फ्रायनी या प्रख्यात गणिकेने शिल्पकार प्रॅक्सिटेलिसकडून संगमरवरी इरॉस मिळवून तिथे अर्पण केला. तुझी सर्वांत उत्तम मूर्ती कोणती, हे तो सांगेना. तेव्हा तिने 'शिल्पशाळेला आग लागली' अशी आवई उठवली. 'माझा सॅटिर आणि इरॉस गेले असतील तर माझं सगळं गेलं,' असं तो ओरडला आणि फसला. ती मूर्ती रोमन सम्राट कॅलिगुलाने रोमला नेली, क्लॉडियसने परत पाठवली, नीरोने पुन्हा नेली, आणि ती रोममध्ये खरोखरच आगीत गेली.

आता त्या उलट्या वयाकडे. इ.स.पू. ४४० च्या सुमाराच्या पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीवरच तो आफ्रोडायटीला रेलून छत्री धरणारा पोरगा झालाय. सिकंदरानंतरच्या काळात तर घसरण वेगाने होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला कवी अपोलोनियस एक घरगुती प्रसंग रंगवतो. हेरा आणि अथेना आफ्रोडायटीकडे काम घेऊन येतात: मेडिया या राजकन्येला जेसन या वीराच्या प्रेमात पाडायचंय, तुझ्या मुलाला सांग. आफ्रोडायटी कुरकुरते, तो माझं ऐकतोय कुठे, उलट मलाच धमकावतो. दोघी एकमेकींकडे बघून हसतात. इरॉस तेव्हा गॅनिमीड नावाच्या मुलाशी सोन्याच्या फाशांनी खेळत असतो, आणि मूठ भरून जिंकलेले फासे छातीशी धरून उभा असतो. समोरचं पोर रडवेलं. आई लाच देऊ करते: झ्यूस लहानपणी खेळायचा तो सोन्याचा चेंडू, हवेत फेकला की ताऱ्यासारखी रेघ उमटवणारा. आताच दे म्हणून हा हट्ट धरतो. शेवटी फासे मोजून आईच्या ओटीत टाकतो आणि निघतो.

वाचताना हसू येतं, आणि मग आठवतं की मेडियाचं पुढे काय झालं. भावाची हत्या, परागंदा होणं, अखेर युरिपिडीसच्या नाटकात स्वतःच्या मुलांचा वध. ते सगळं एका चेंडूच्या बदल्यात.

इरॉस लहान का झाला, याचं नेहमीचं उत्तर असं: नगरराज्यं गेली, राजदरबार आले, श्रीमंतांच्या घरांना गोड, सजावटीच्या वस्तू हव्या झाल्या, शिवाय शिल्पकारांना बाळाचं शरीर नीट घडवता येऊ लागलं. हे खरंच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला झोपलेला काशाचा इरॉस पाहिला तर त्या कौशल्याबद्दल शंका उरत नाही. झोपेत सैल पडलेला हात खरोखरच्या मुलाचा वाटतो. पण मला वाटतं, अपोलोनियसने दुसरंही काहीतरी हेरलं होतं. वादळापुढे वाकता येतं, मोठ्या देवाची विनवणी करता येते, त्याला नवस बोलता येतो. हातात भरलेलं शस्त्र असलेल्या आणि खेळायच्या नादात असलेल्या पोराला काय सांगणार? त्याला तुमच्याविषयी रागही नाही. सॅफोचं वादळ निदान तिच्यासाठी आलं होतं.

पुढच्या शतकातल्या मॉस्कस या कवीच्या कवितेत आफ्रोडायटी दवंडी पिटते: मुलगा पळालाय, शोधून देणाऱ्याला एक चुंबन. खुणा सांगते. रंग आगीसारखा, नजर तीक्ष्ण, बोलणं मधाळ, हात इवले पण बाण पाताळापर्यंत जातात, अंग उघडं पण मन झाकलेलं. सापडला तर बांधून आणा, रडला तरी दया करू नका. हसला तर आणखी घट्ट धरा.

नंतर मात्र गोडवा खरोखरच जिंकला. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत वेट्टी कुटुंबाच्या घराच्या भिंतीवर छोटे पंखवाले एरोटेस सोनारकाम करताहेत, अत्तरं बनवताहेत, कपडे धुताहेत, दारू विकताहेत. प्रेमात कुणालाच पाडत नाहीत. ते दुकानदार झालेत.

आणि ते पूर्वेकडेही आले. गांधार शिल्पांत फुलांचा जाड, लांबलचक हार खांद्यावर पेलत निघालेली गुबगुबीत मुलं दिसतात. कधी पंख असतात, कधी नसतात. पेशावरजवळ शाहजी की ढेरी इथल्या स्तूपाच्या उत्खननात १९०८-०९ मध्ये कनिष्काच्या नावाचा धातूचा करंडक सापडला. आत बुद्धाचे मानले गेलेले अवशेष होते, आणि करंडकाभोवती हीच मुलं हार धरून आहेत. ज्या मारावर विजय मिळवून बुद्ध बुद्ध झाला, त्याच्याविषयी अश्वघोष 'बुद्धचरिता'त सांगतो: लोक ज्याला कामदेव म्हणतात, फुलांचे बाण असलेला, तोच हा मार. करंडकावरच्या मुलांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. ती आपली हार सावरत चालली आहेत.